नऊ टनांची मोटरहोम हातात येईपर्यंत

अमेरिकेतल्या इंटरस्टेट हायवेची एक लेन बारा फुटांची असते. आमची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, साडेआठ फूट रुंद. गाडी अगदी मधोमध धरली तरी दोन्ही बाजूंना पावणेदोन-पावणेदोन फूट उरतात. गाडी सरळ चालत असेल तर तेवढी जागा पुष्कळ होते. पण ती सारखी इकडेतिकडे सरकत असेल, शेजारून ट्रेलर गेला की आधी बाहेर ढकलली जात असेल आणि लगेच आत ओढली जात असेल, तर दोनशे मैलांत चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि मागे बसलेल्याच्या पोटात ढवळायला लागतं.

आमच्या ओळखीतल्या काही मराठी कुटुंबांनी निवृत्तीनंतर अशी गाडी घेतली आहे, काही घेण्याच्या विचारात आहेत. सगळे हेच विचारतात: इतकी हलते, तर तुम्ही चालवता कशी? आता आमची गाडी पूर्वीसारखी हलत नाही. ती तशी होईपर्यंत काय काय केलं, कुठे किती थांबावं लागलं, किती पैसे गेले, ते सगळं क्रमाने लिहिते आहे.

आम्ही ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या पश्चिमेला, बकआयजवळ राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०१७ सालची वापरलेली मोटरहोम घेतली. पेट्रोलवर चालणारी, इंजिन पुढे, ३१ हजार मैल झालेली. लांबी ३४ फूट ८ इंच, उंची साडेबारा फूट. या गाड्यांबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतलेली बरी. खालचा सांगाडा, इंजिन, ॲक्सल (चाकं जोडणारे आडवे दांडे), चाकं हे सगळं एक ट्रक कंपनी बनवते आणि त्यावर घर दुसरीच कंपनी बांधते. सांगाडा कारखान्यातून निघतो तेव्हा त्यावर ना भिंती असतात, ना फ्रीज, ना पाण्याची टाकी. त्यामुळे चाकांची जुळणी (अलाइनमेंट) कारखान्यात कितीही नीट केलेली असली तरी घर चढल्यावर स्प्रिंगचे पाटे दबतात आणि चाकांचे कोन बदलतात. शिवाय आमच्या गाडीत पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर २०८ इंच, म्हणजे एकूण लांबीच्या बरोबर निम्मं. मागच्या चाकांच्या मागे मोठा भाग लोंबता राहतो, आणि वाऱ्याने तो भाग ढकलला की पुढचं तोंड उलट बाजूला वळतं. हे अंतर लांबीच्या ५४-५५ टक्क्यांच्या पुढे असेल तर गाडी मुळातच शांत चालते. तुम्ही अजून गाडी घेतली नसेल तर आतल्या सोफ्याच्या आधी हा आकडा विचारा.

नोव्हेंबरात सासूबाई मिरजेहून आल्या होत्या, म्हणून ग्रँड कॅन्यनला निघालो. आय-१७ हायवेवर अँथमच्या पुढे रुंदीकरणाचं काम चालू होतं. अरुंद झालेल्या लेन, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे, त्यात चढ आणि वळणं. फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे, फिनिक्स अकराशेच्या आसपास. तेवढं चढून गेल्यावर विल्यम्सपर्यंतचा आय-४० इतका उखडलेला की कपाटातली भांडी एकमेकांवर आपटत होती. सासूबाई मागच्या पलंगावर आडव्या झाल्या आणि थोड्याच वेळात पिशवी मागायला लागल्या. "मला पुढे बसव गं, मागे सगळं घुसळतंय," म्हणाल्या. पुढे आणून बसवल्यावर त्यांना बरं वाटलं, पण माझा स्टिअरिंगवरचा हात एक क्षणही मोकळा होत नव्हता.

मार्च २०२४ मध्ये न्यू मेक्सिकोला जायचं म्हणून निघालो. उत्तर ॲरिझोनात वसंतात वारा फार असतो हे माहीत होतं, पण विन्स्लोच्या उघड्या पठारावर आडवे झोत आले तेव्हा गाडी लेनच्या रेषेपर्यंत सरकत होती. मी ताशी पंचेचाळीस मैलांवर आले. नवरा शेजारी बसून आरशात मागचे ट्रक सांगत होता. हॉलब्रुकला थांबलो, रात्र काढली आणि पहाटे वारा पडल्यावर परत फिरलो.

घरी आल्यावर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी काही ना काही विकत घ्यायला सांगितलं. कुणी स्टिअरिंगचा डँपर, कुणी जाड स्वे बार, कुणी रबरी स्प्रिंगा, कुणी एअरबॅग. एका दुकानाने तर सगळं मिळून सात हजार डॉलरचं कोटेशन पाठवलं, गाडी न बघताच. माझे वडील, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "अगं, भरलेली गाडी काट्यावर घातलीस का? आणि हवा कुणी भरली, किती भरली?" दोन्हीची उत्तरं माझ्याकडे नव्हती. "मग आधी ती आण. आणि एका वेळी एकच काम कर, नाहीतर कशाने फरक पडला ते कळायचं नाही."

पुढचं सगळं याच क्रमाने केलं. बकआय ते टोनोपा हा आय-१० चा सपाट, सरळ, ट्रकांनी भरलेला पट्टा चाचणीसाठी ठरवला. प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्याने जायचं, टोनोपाच्या एक्झिटवरून परत यायचं आणि वहीत लिहायचं: तारीख, वाऱ्याचा वेग आणि दिशा, टाकीत पाणी किती, काय जाणवलं. जाताना मी चालवायची, येताना नवरा. दोघांनी आपापलं वेगवेगळं लिहायचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वजन केलं. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे वजनकाटे असतात. तिथे मोटरहोम नेली तर कुणी हरकत घेत नाही, पण ट्रकवाल्यांची रांग असते, म्हणून सकाळी लवकर जावं. काट्याचे तीन वेगळे पट्टे असतात. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर आणि मागची दुसऱ्या पट्ट्यावर येतील अशी गाडी उभी करायची, खांबावरचं बटण दाबायचं, पहिलंच वजन आहे असं सांगायचं, मग गाडी बाजूला लावून आत काउंटरवरून पावती घ्यायची. फोनवरच्या ॲपमधूनही होतं, मग आत जावं लागत नाही. आम्हाला तेव्हा चौदा-पंधरा डॉलर पडले. चोवीस तासांच्या आत पुन्हा वजन केलं तर अगदी थोडेच. जाताना गाडी प्रवासाला निघतो तशी भरलेली हवी: पेट्रोल, पाणी, कपडे, किराणा, माणसं, सगळं.

आमची पावती अशी आली: पुढे ६,४२० पाउंड, मागे १३,३८०, एकूण १९,८००. म्हणजे जवळपास नऊ टन. चालकाच्या सीटजवळच्या स्टिकरवर मर्यादा लिहिलेल्या असतात. आमच्या पुढच्या ॲक्सलची ७,५००, मागच्याची १३,५००, एकूण २०,५००. एकूण वजन मर्यादेत होतं. पण मागचा ॲक्सल जवळजवळ काठोकाठ भरलेला आणि पुढचा हजारभर पाउंडांनी हलका! स्टिअरिंग ज्या चाकांच्या जोरावर चालतं त्यांच्यावरच भार कमी.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आमची ७५ गॅलनची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे. एक गॅलन पाणी म्हणजे आठ पाउंडांपेक्षा जास्त, तेव्हा भरलेल्या टाकीचं वजन सव्वासहाशे पाउंड. मागच्या चाकांच्या मागे ठेवलेलं वजन मागचा भार तर वाढवतंच, वर पुढचा भाग उचलतं. ट्रक स्टॉपवरच टाकी पावपर्यंत रिकामी केली (ते पिण्याचं स्वच्छ पाणी असतं, सांडपाण्याची टाकी मात्र अशी कुठेही सोडायची नसते) आणि पुन्हा काट्यावर गेले. पुढे ६,५६०, मागे १२,७८०. मागचं सहाशे पाउंडांनी उतरलं आणि पुढचं १४० ने वाढलं, एक नटही न फिरवता. घरी आल्यावर अवजारांची पेटी, जॅकच्या फळ्या, डब्यांचा किराणा हे सगळं मागच्या कप्प्यांतून पुढच्या कप्प्यांत हलवलं. तेव्हापासून पाण्याने भरलेली टाकी घेऊन आम्ही लांब जात नाही. कॅम्पग्राउंडवर पाणी मिळतंच.

मग एकेका चाकाचं वजन करून घेतलं. मोटरहोमवाल्यांच्या एस्केपीज क्लबच्या काही पार्कांत स्मार्टवे नावाची सोय आहे, त्यातलं एक विकेनबर्गच्या पुढे काँग्रेसला आहे. आधी वेळ घ्यावी लागते, आम्हाला दोन आठवड्यांनी मिळाली. पंचाहत्तर डॉलर दिले. तिथला माणूस प्रत्येक चाकाखाली वजनकाट्याचा पाट ठेवून मोजतो आणि कागद भरून देतो. पुढचं डावं ३,४२०, उजवं ३,१४०. मागची डावी जोडी ६,१००, उजवी ६,६८०. किचन आणि फ्रीज उजवीकडे आहेत, ते मागच्या आकड्यात दिसलं. टायरची हवा ठरवताना हे आकडेच लागतात, नुसत्या ॲक्सलच्या वजनावर काम भागत नाही.

आता हवा. आमच्या टायरांत पहाटे, गाडी थंड असताना, मोजली तर १०८ पीएसआय निघाली. आधीच्या मालकाने नवे टायर टाकले होते आणि टायरवाल्याने टायरच्या कडेवर छापलेला आकडा बघून भरली होती. कडेवरचा तो आकडा टायरला त्याचं कमाल ओझं वाहताना लागणाऱ्या हवेचा असतो. तुमच्या गाडीला किती हवी ते टायर कंपनीच्या भार-हवा तक्त्यात बघायचं. टायरचा आकार घ्यायचा (आमचा २४५/७०आर१९.५), एकेरी चाक की जोडी ते बघायचं, आणि त्या ॲक्सलवरच्या जड बाजूचं वजन शोधायचं. त्या ओळीतला आकडा ॲक्सलच्या सगळ्या टायरांना सारखा, जड बाजूला एक आणि हलक्या बाजूला दुसरा असं करायचं नाही. आमच्या वजनाला ८० च्या आसपास पुरत होतं, स्टिकरवर ८२ होतं. मी थोडी जास्त राखून पुढे-मागे ८५ ठेवलं. तक्त्याच्या किंवा स्टिकरच्या खाली कधीही जाऊ नका. कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो.

मोजायचं ते सूर्योदयापूर्वी. ॲरिझोनात ऊन लागलेल्या बाजूचे टायर उभ्या गाडीतही वेगळा आकडा दाखवतात. तापमान दहा अंश फॅरनहाइटने बदललं की हवा साधारण दोन टक्क्यांनी बदलते, म्हणून फिनिक्सला भरून फ्लॅगस्टाफच्या थंडीत मुक्काम केला तर तिथे सकाळी पुन्हा बघायची. जोडीतल्या आतल्या टायरसाठी दोन तोंडांचा ट्रकवाला गेज घ्या, आम्हाला पंचेचाळीस डॉलरला चांगला मिळाला.

१०८ वरून ८५ वर आल्यावर टोनोपाच्या रस्त्यावर जो फरक पडला तो नवऱ्याला बसल्या जागी कळला. काँक्रीटच्या सांध्यांवरचे दणके बोथट झाले, कपाटं वाजायची कमी झाली आणि गाडी रस्त्याच्या प्रत्येक खाचेमागे धावायची थांबली. फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो, त्याची पकड कमी असते. वहीत नवऱ्याने लिहिलं: "दणके निम्मे. वाऱ्याला अजून हलते."

एप्रिलच्या शेवटी स्वे बारचं फुकटातलं काम केलं. हा इंग्रजी यू आकाराचा जाड दांडा ॲक्सलला धरलेला असतो आणि त्याची टोकं दुव्यांनी सांगाड्याला बांधलेली असतात. गाडी एका बाजूला कलायला लागली की दांडा पिळला जातो आणि तिला परत ओढतो. आमच्या दांड्याच्या टोकाला दोन भोकं होती आणि कारखान्यातून दुवा बाहेरच्या भोकात लावलेला होता. तो आतल्या भोकात घेतला की दांड्याचा हात आखूड होतो आणि तोच दांडा जास्त ताकदीने आवरतो. सपाट जागी, चाकं जमिनीवर असताना, एका वेळी एक दुवा सोडायचा. गाडीच्या लेव्हलिंग जॅकवर भरवसा ठेवून कुणीही गाडीखाली जाऊ नका, ते जॅक त्यासाठी नसतात. काम झाल्यावर दुवा जवळजवळ उभा राहतो ना आणि ब्रेकच्या नळीला लागत नाही ना, ते दोनदा बघावं. सगळ्या मॉडेलांना दोन भोकं नसतात. आधी वाकून बघा. वळणावरचं कलणं यानंतर स्पष्ट कमी झालं. एकाच चाकाखाली खड्डा आला तर धक्का किंचित जास्त लागतो, पण तो मला चालतो.

खाली शिरलोच होतो तर नवऱ्याने सगळ्या बुशांचे (सांध्यांमधल्या रबरी तुकड्यांचे) फोटो काढून ठेवले. स्वे बारची रबरी बुशं उन्हाने तडकलेली होती.

पुढचा टप्पा सगळ्यात वेळखाऊ ठरला. आम्हाला अनुभवी माणसाकडून खालची तपासणी आणि मग अलाइनमेंट हवी होती. मोटरहोम विकणारे अलाइनमेंट करत नव्हते. सांगाडा बनवणाऱ्या कंपनीच्या दोन डीलरांकडे साडेबारा फूट उंच गाडी आत जाईल असा दरवाजाच नव्हता. एकाने घर बांधणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवलं, त्या कंपनीने सांगाड्याच्या कंपनीकडे. शेवटी व्यावसायिक ट्रकांची कामं करणारं दुकान शोधलं. फोन करताना लांबी, उंची, एकूण वजन, चाकांमधलं अंतर आणि व्हीआयएन (गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. मला हे प्रत्येक ठिकाणी विचारलं. त्याच व्हीआयएनवर केंद्राच्या वाहन सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) आहे का तेही फुकट बघता येतं, आमच्यावर काही नव्हता. मेच्या सुरुवातीला फोन केला, तारीख जूनच्या पहिल्या आठवड्याची मिळाली.

मधल्या काळात एक्स्टेंडेड वॉरंटीवाल्यांशी पत्रव्यवहार झाला. काम सुरू होण्याआधी त्यांचा मंजुरी क्रमांक लागतो, त्यासाठी दुकानाचं लेखी एस्टिमेट, मैलांचा फोटो, खराब भागाचे फोटो. सगळं पाठवलं. दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं की बुशं झिजेत मोडतात आणि अलाइनमेंट देखभालीत, म्हणून काहीच मिळणार नाही. करार पुन्हा वाचला तर तसं लिहिलेलं होतं. तरी ते लेखी उत्तर मी फाइलला लावून ठेवलं आहे; उद्या स्टिअरिंग बॉक्स खरंच निकामी झाला तर देखभाल वेळेवर केल्याचा पुरावा म्हणून हेच कागद लागतील.

जूनमध्ये गाडी दिली ती भरलेलीच: पेट्रोलची टाकी पूर्ण, पाणी पाव, सामान जागच्या जागी. रिकाम्या गाडीची अलाइनमेंट भरलेल्या गाडीच्या कामाची नाही. तपासणीचे १९५ डॉलर. टायरॉड, ड्रॅग लिंक, किंगपिन हे स्टिअरिंगचे दांडे आणि सांधे चांगले निघाले. पुढच्या पाट्यांना ॲक्सलशी आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र ढिले होते. मेकॅनिकने माझ्यासमोर टॉर्क पाना लावून दाखवलं, ठरलेल्या जोरापर्यंत यायला नट चांगला फिरला. ॲक्सल पाट्यांवर घट्ट बसलेला नसेल तर वर काहीही महागडं लावून उपयोग नाही. बुशं बदलायचे मजुरीसह १६० लागले.

अलाइनमेंटमध्ये मला कॅस्टर हा कोन महत्त्वाचा वाटत होता. सायकलचा पुढचा चिमटा मागे झुकलेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. इथे तेच काम कॅस्टर करतो. तो जितका जास्त, तितकं स्टिअरिंग आपणहून मधोमध परत येतं. आमचा कोन डावीकडे २.९ अंश आणि उजवीकडे ३.१ निघाला. "मर्यादेत आहे," असं सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला. मी विचारलं, मर्यादेच्या वरच्या टोकाला नेता येईल का? त्याने आतल्या वयस्कर मेकॅनिकला बोलावलं. त्या गृहस्थांनी गाडी कशी चालते ते नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालून कोन वाढवता येतो, मजुरी थोडी जास्त लागेल. आम्ही हो म्हटलं. डावं ४.६, उजवं ४.९ झालं, टो-इनही (पुढची चाकं किंचित आत वळलेली ठेवायचं माप) दुरुस्त झालं. ४१० डॉलर. आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागून घेतल्या. पहिल्याच फेरीत स्टिअरिंग व्हील किंचित तिरकं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे न घेता सरळ करून दिलं.

टोनोपाला जाऊन आलो त्या दिवशी वारा ताशी वीस मैलांच्या आसपास होता. मी पहिल्यांदा एका हाताने पाण्याची बाटली उघडून प्यायले. वळणानंतर स्टिअरिंग सैल सोडलं की ते स्वतःहून मध्ये येत होतं. पूर्वी ते जिथे सोडलं तिथेच राहायचं आणि मला प्रत्येक वेळी आणून ठेवावं लागायचं, थकवा त्याचाच होता.

इथपर्यंतचा सगळा खर्च मिळून नऊशेच्या आसपास डॉलर झाला होता. माझ्या मते एकूण सुधारणेतला मोठा वाटा याच नऊशेत मिळाला. पुढचं पैसे असतील तर करावं, नसतील तर थांबावं, गाडी चालवण्यासारखी झालेली असते.

जुलै-ऑगस्टच्या उन्हात फिनिक्समध्ये गाडीखाली जायचं कुणाच्याही मनात येत नाही, त्यामुळे काम सप्टेंबरवर ढकललं. शॉक ॲब्सॉर्बर मूळचेच होते. एका खड्ड्यानंतर गाडी तीन-चार वेळा वरखाली व्हायची, म्हणजे ते थकले होते. या वजनाच्या गाड्यांना कोनी आणि बिलस्टीन दोन्ही चांगले मानले जातात; आम्ही कोनी घेतले, कारण घरातल्या वयस्कर माणसांना बारीक खडखडाट सोसत नाही आणि बारीक हादऱ्यांना मऊ पडणारे त्यांचे शॉक मिळतात. चारही मिळून मजुरीसह १,०६० डॉलर. आता खड्डा एकदाच जाणवतो.

त्याच भेटीत नाही, दोन आठवड्यांनी, मागचा ट्रॅक बार बसवला. अण्णांची अट पाळायची म्हणून दोन फेऱ्या मारल्या, मजुरी थोडी जास्त पडली. मागचा ॲक्सल पाट्यांवर टांगलेला असतो आणि पाटे, त्यांची बुशं, पाट्याचं टोक सांगाड्याला अडकवणारं लटकन हे सगळं आडव्या दिशेला थोडं लवचिक असतं. त्यामुळे ट्रकच्या हवेने घर एका बाजूला ढकललं की ते ॲक्सलवर आडवं सरकतं आणि मागून शेपूट हलल्यासारखं वाटतं. ट्रॅक बार म्हणजे एक आडवी सळई: एक टोक सांगाड्याला, दुसरं ॲक्सलला. ती सरकणं थांबवते. ९४० डॉलर. लोंबता भाग मोठा असलेल्या आमच्यासारख्या गाडीला याचा फायदा फार झाला. ट्रेलर शेजारून जाताना पूर्वी दोन्ही वेळा, तोंड पुढे येताना आणि शेपूट निघून जाताना, स्टिअरिंग दुरुस्त करावं लागायचं. आता हलकासा धक्का कळतो एवढंच.

स्टिअरिंगचा स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी घेतला, ७४० डॉलरला. लोक तो पहिल्यांदा घेतात. तो स्टिअरिंगला मध्यावर धरून ठेवतो, त्यामुळे हवा चुकीची असली, यू-बोल्ट ढिले असले, कोन बिघडलेला असला तरी गाडी बरी वाटायला लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आम्ही घेतला तो पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून हिसकलं जाऊ नये म्हणून. रबरी स्प्रिंगा आणि जाड स्वे बार घेतलेच नाहीत. गरज उरली नव्हती.

ऑक्टोबरात न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीच्या बलून फिएस्टाला (गरम हवेच्या फुग्यांच्या मेळ्याला) गेलो, त्याच आय-४० ने. विन्स्लोजवळ वारा होताच, पण ताशी साठ मैलांवर गाडी लेनमध्ये राहिली. नवरा अर्धा तास शांत झोपला होता. गॅलपला चालक बदलला तेव्हा माझे खांदे दुखत नव्हते.

काही गोष्टी मात्र जशाच्या तशा आहेत. पेट्रोल पंपाच्या तिरक्या उताराने आत शिरताना गाडी अजून डुलते, तिथे चालण्याच्या वेगाने जावं लागतं. विल्यम्सजवळचा उखडलेला रस्ता अजून उखडलेलाच लागतो. आणि हवामान खात्याने ताशी चाळीस मैलांच्या वरच्या झोतांचा इशारा दिला असेल तर आम्ही निघत नाही. एवढ्या मोठ्या भिंतीवर वारा आदळणारच, कुठलाही नट आवळून तो कमी होत नाही.

सगळा खर्च मिळून साडेतीन हजार डॉलरच्या थोडा वर गेला. पुढच्या उन्हाळ्याआधी यू-बोल्ट पुन्हा टॉर्क करून घ्यायचे आहेत आणि अलाइनमेंटची नवी प्रिंट जुनीशी ताडून बघायची आहे. पाचर घातल्यावर एकदा तरी बघावं असं त्या वयस्कर मेकॅनिकांनी सांगून ठेवलंय. टायरच्या कडेवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार अंकही वहीत लिहून ठेवलेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सात वर्षांनी हे टायर बदलायचे असतात.

तुमची गाडी हलत असेल आणि काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. फक्त भरलेल्या गाडीच्या वजनाची पावती, टायरचा आकार आणि पहाटे मोजलेली हवा एवढं सोबत कळवा, म्हणजे नेमकं काही सांगता येईल.